बुवा आणायचे, पण विचारायचं नाही

माणसाचं तोंड पाहून रंगनाथरावांना त्याचं गाव कळायचं. निदान नगरच्या त्यांच्या आळीत तसा समज होता. तो पसरवण्यात खुद्द रंगनाथरावांचा वाटा मोठा होता हे खरं, पण कुणी तो मोडून काढला नव्हता हेही तितकंच खरं. एका सरकारी कचेरीत ते आवक-जावक कारकून होते. साऱ्या तालुक्यांतली माणसं अर्ज घेऊन त्यांच्या टेबलापुढे उभी राहायची आणि अर्जांपेक्षा माणसांची आवक रंगनाथराव जास्त मन लावून बघायचे. त्यातून त्यांचं शास्त्र तयार झालं होतं. पारनेरचा माणूस जन्मभर आभाळाकडे बघत आलेला, म्हणून त्याच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या आणि भुवया कायम वर. श्रीरामपूरकडच्या माणसाच्या गालांवरून पाटाचं पाणी फिरलेलं, त्यामुळे गाल भरलेले आणि बोलण्यात घाई नाही. आपल्या डोंगरातल्या अकोल्याचा माणूस चढ चढून चढून पुढे वाकलेला, त्याची हनुवटी त्याच्या आधी पोचते. जिल्ह्याबाहेरही शास्त्र चालायचं. कोकणी कपाळ ओलसर, खानदेशी नाक रुंद आणि समाधानी, असं बरंच काही.

त्यांची दोन पथ्यं मात्र कडक होती. एक, ते गाव सांगत, जात कधीही नाही. जात हुडकायला निघालेल्या नजरेपुढून देव उठून जातो, असं त्यांनी एका कीर्तनात ऐकलं होतं आणि ते मनाला लावून घेतलं होतं. दुसरं पथ्य म्हणजे विचारायचं नाही. 'कुठले हो तुम्ही?' हे पोलिसानं विचारावं. जाणकारानं बघावं, क्षणभर डोळे मिटावे आणि सांगावं. मग समोरचा म्हणायचा, 'बरोबर ओळखलंत.' दारावर आलेली बांगडीवाली डोक्यावरची टोपली सावरत तसं म्हणाली होती. नवा पोस्टमन सायकलच्या पायडलवर एक पाय ठेवूनच म्हणाला होता. "ती माणसं घाईत असतात हो," असं त्यांच्या पत्नी सुमनबाई एकदा म्हणाल्या होत्या, पण घरातल्या माणसाला घरातल्या विद्येची किंमत नसते म्हणून रंगनाथरावांनी ते सोडून दिलं.

या विद्येला फळ आलं होतं ते दत्तमंदिरात. दत्तजयंतीच्या सप्ताहाला शेवटच्या दिवसाचं कीर्तन दरवर्षी नव्या बुवांचं, असा तिथला रिवाज. देवस्थानचे पंच रंभाजीबाबा कुठून कुठून बुवा बोलावत. त्या बुवांना आळीत कुणी पाहिलेलं नसे. मग त्यांना एस.टी. स्टँडवर ओळखून आणणार कोण? रंगनाथराव. आणि जो आणणार त्याच्याच घरी बुवांचा उतारा, पाद्यपूजा, भोजन. आजवर आलेल्या बुवांच्या सोबत पखवाज आणि चार टाळकरी असायचे, त्यामुळे ओळखणं फारसं अवघड गेलेलं नव्हतं. पण हे कुणी बोलून दाखवलं नाही.

रंगनाथरावांना दुसरं व्यसन नव्हतं. चहासुद्धा अर्धाच कप. पण कीर्तनकाराच्या पायांवर आपल्या तांब्यातलं पाणी पडावं, आपल्या घरचं दूध पिऊन त्या गळ्यानं हरिनाम घ्यावं आणि आपण पहिल्या रांगेत बसून ते ऐकावं, यापलीकडे स्वर्ग असला तर तो त्यांना नको होता.

अशा या सुखात त्या वर्षी गोरक्षनाथ राहायला आला.

दुष्काळ सरून माणसं नुकती माणसात आली होती, त्या पावसाळ्याच्या अखेरीची ही गोष्ट. गोरक्षनाथ नागापूरला नव्यानं निघालेल्या एका कारखान्यात टाइमकीपर होता. रंगनाथरावांच्या घरासमोरची एकच खोली त्यानं भाड्यानं घेतली. पोरगा हसतमुख. येता-जाता 'काका, काका' करायचा, मंदिरात झाडलोट करायचा, टाळही बरा वाजवायचा. रंगनाथरावांनी पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडाकडे बघून 'पारनेर' म्हटलं आणि तो म्हणाला, "राळेगणसिद्धी." म्हणजे पारनेर तालुकाच. इथवर सगळं ठीक होतं.

बिघडलं ते पखवाजावरून. भजनाला एक नवा पखवाजी यायला लागला. रंगनाथरावांनी त्याला उजेडात बसवून न्याहाळलं, डोळे मिटले आणि सांगितलं, "मराठवाडा." पखवाजी पखवाजाला कणीक लावत होता. तो काही बोलणार, एवढ्यात मागून गोरक्षनाथ म्हणाला, "मिरजगावचे असतील काका."

"मिरजगावचाच की मी," पखवाजी म्हणाला.

"आणि आई कुठली?" रंगनाथरावांनी विचारलं. विचारायचं नाही हे पथ्य होतं, पण आईचं विचारायला हरकत नव्हती.

"जामखेडची."

"तेच म्हणतो मी. जामखेड म्हणजे मराठवाड्याच्या शिवेलाच. ओढा तिकडचा आहे चेहऱ्याला."

माणसं हसली नाहीत, हे खरं. पण ती गोरक्षनाथाकडे बघायला लागली, हे त्याहून वाईट. मग रॉकेलवाला झाला, नवीन कंपाउंडर झाला, गॅरेजमधला मिस्त्री झाला. प्रत्येकाचं गाव गोरक्षनाथ अचूक सांगायचा. तालुका नव्हे, गाव. एकाची तर वाडीसुद्धा सांगितली.

मत्सर हा षड्रिपूंतला सहावा. त्याच्यावर रंगनाथरावांनी इतकी कीर्तनं ऐकली होती की तो दुसऱ्यांना होणारा आजार आहे अशी त्यांची ठाम समजूत होती. त्यामुळे आपल्याला जे होतंय ते पित्त आहे असं समजून त्यांनी आवळासुपारी सुरू केली. पण गोरक्षनाथाच्या खोलीपुढे दोन माणसं उभी दिसली की ते पित्त खवळायचं. त्याच्या टाळाचा नाद त्यांना फुटका वाटायला लागला. तो देवापुढे डोळे मिटून उभा राहिला की रंगनाथराव एक डोळा उघडून बघायचे, याचे खरंच मिटलेत का. एकदा काकड आरतीला तो आला नाही, तर रंगनाथरावांना इतका आनंद झाला की आरतीचं एक कडवं ते दोनदा म्हणाले. त्याला ताप आलाय असं सुमनबाईंनी सांगितलं, तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी जाऊन त्याला पेज दिली. आणि पेज देताना त्याच्या कपाळाला हात लावून हळूच निरखूनही घेतलं की या डोळ्यांत असं आहे तरी काय.

दत्तजयंती आठवड्यावर आली. या खेपेला बुवा खानदेशातून येणार होते, मनमाडच्या गाडीनं, एकटेच. पखवाज नाही, टाळकरी नाहीत. बैठकीत कुणीतरी म्हणालं, या वर्षी गोरक्षनाथाला धाडू, त्याची नजर चांगली आहे. रंगनाथरावांच्या हातातला वातींचा कापूस तसाच राहिला. इतकी वर्षं आपण आणलेले बुवा काय आंधळेपणानं आणले का, असं ते शांतपणे म्हणाले. म्हणजे त्यांच्या मते शांतपणे. मंदिराच्या शिखरावरची कबुतरं उडाली.

रंभाजीबाबा म्हातारे होते आणि त्यांना घरी जाऊन झोपायचं होतं. ते म्हणाले, "दोगंबी जा. जो वळखून आनंल त्याच्या घरी उतारा. झालं मिटलं."

"एक अट," रंगनाथराव म्हणाले. "स्टँडवर कुणाला तोंडानं विचारायचं नाही. नुसतं बघून ओळखायचं. विचारून काय, हमालसुद्धा आणील."

गोरक्षनाथाचा चेहरा एकदम पडला. तो पडलेला पाहून रंगनाथरावांना कित्येक दिवसांनी रात्री गाढ झोप लागली.

दत्तजयंतीच्या सकाळी सुमनबाईंनी पुरण शिजत टाकलं आणि दोन्ही पुरुष माळीवाडा स्टँडवर गेले. रंगनाथरावांच्या हातात झेंडूचा हार, गोरक्षनाथाच्या हातात शेवंतीचा. थंडी मी म्हणत होती. मनमाडची गाडी धापा टाकत आली. आधी एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन उतरली. मग कॉलेजची पोरं, मग माकडटोपीत तोंड गुंडाळलेला, पँट आणि स्वेटरवाला कुणी कारकूनसा माणूस. त्याच्यामागून, पायरीवर एक पाय टेकून, धोतर सावरत जे ध्यान उतरलं ते पाहून रंगनाथरावांच्या अंगावर काटा आला. पांढरंशुभ्र धोतर, लांब कोट, खांद्यावर उपरणं, कपाळभर अंगारा. आणि नाक. रुंद, भरलेलं, समाधानी. अख्खा खानदेश त्या नाकावर पसरून बसला होता.

गोरक्षनाथ अजून मान वेळावत होता, तोवर रंगनाथरावांनी धावत जाऊन हार घातला आणि पायांवर डोकं ठेवलं. तो माणूस जरा चकित झाला. पण नको काही म्हणाला नाही. "एवढं कशापायी," असं पुटपुटत त्यानं मान जरा पुढे केली, हार नीट बसावा म्हणून.

टांग्यातून जाताना रंगनाथरावांनी मागे वळून पाहिलं. गोरक्षनाथ शेवंतीचा हार मांडीवर घेऊन स्टँडच्या बाकावर बसला होता. हे दृश्य पुन्हा दिसावं म्हणून त्यांनी टांगेवाल्याला घोडा जरा हळू घ्यायला सांगितलं.

घरी पाद्यपूजा झाली. सुमनबाईंनी औक्षण केलं. पाहुण्यांनी दोन्ही पाय परातीत एखाद्या मुरलेल्या माणसासारखे ठेवले. ते फारसे बोलत नव्हते. कीर्तनकार गळा जपतात, असं रंगनाथरावांनी खिडकीतून डोकावणाऱ्या मंडळींना खुणेनं समजावलं. प्रवासाचं विचारावं, खानदेशात पीकपाणी कसं आहे विचारावं, असं त्यांना वाटत होतं. पण त्यांनी स्वतःच घातलेली अट अजून अंगात होती आणि जिंकलेल्या माणसानं विचारणं बरं दिसलं नसतं.

दूध पिऊन पाहुणे म्हणाले, "आता मुलीला बोलवा."

रंगनाथरावांना भरून आलं. घरात मुलगी आहे हे बुवांनी न सांगता ओळखलं होतं. चांगुणा नुकतीच मॅट्रिक झाली होती. ती आली, पाया पडली. नाव काय, किती शिकली, असं बुवांनी विचारलं. गाणं येतं का म्हणाले. चांगुणानं एक अभंग म्हटला, चांगला म्हटला. आणि इथे रंगनाथरावांना पहिल्यांदा कसंसंच झालं. सम आली आणि गेली, पण बुवांची मान हलली नाही. मांडीवर बोटसुद्धा पडलं नाही. ज्याला सम कळत नाही असा कीर्तनकार त्यांनी अजून बघायचा होता.

"आता जरा चालून दाव," बुवा म्हणाले.

स्वयंपाकघरातून सुमनबाई पुरणाचा डाव हातात घेऊन बाहेर आल्या. "का म्हणून चालायचं तिनं?"

"बाई, पोरगी बगायला आलोय आमी. पायात खोड हाय का न्हाई, ते नगं बगायला?"

डावावरचं पुरण गळून जमिनीवर पडलं. रंगनाथरावांचा आवाज कुठून तरी खालून आला. "आपण खानदेशातून आलात ना?"

"मी? मी मिरजगावचा. छगनराव. पुतन्यासाटी पोरगी बगायची हुती, म्हनलं शिर्डी करून यावं आन् वाटंत नगरला उतरावं. तुमी स्टँडवर हार घिऊन आला, मला वाटलं रीत चांगली हाय घरची."

मिरजगाव. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात देवानं दुसरं गाव वसवलं नव्हतं की काय, असं रंगनाथरावांच्या मनात आलं. पण पुढचं मनात यायला वेळ मिळाला नाही, कारण दारात गोजरबाई उभ्या होत्या. गोजरबाई म्हणजे दोन घरं सोडून राहणाऱ्या शेजारीण. त्यांची भाची सकाळपासून नवं पातळ नेसून, पोह्यांवर झाकण ठेवून बसली होती. ज्यांची वाट बघायची ते छगनराव शेजारच्या पाटावर, गळ्यात झेंडूचा हार घालून बसलेत, हे त्यांना खिडकीतल्या मंडळींनी जाऊन सांगितलं होतं.

"भावजी," गोजरबाई म्हणाल्या, "पोरगी उजवायची हुती तर मला सांगायचं. मीच घिऊन आले असते पावण्याला. स्टँडवरनं टांग्यात घालून पळवायची काय गरज हुती?"

रंगनाथरावांनी शास्त्र समजावून सांगायचा प्रयत्न केला. नाकाचा उल्लेख आला, तेव्हा छगनरावांनी आपलं नाक चाचपून बघितलं. त्यांचा चेहरा आधी कोड्यात पडला, मग दुखावला. चांगुणानं आतून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की तिला अजून शिकायचं आहे आणि चालायचं झालं तर ती कॉलेजपर्यंत चालेल. छगनराव उठेनात. पाय इथे धुतले, औक्षण इथे झालं, पुरणाचा वासही इथेच येतोय, असा त्यांचा साधा हिशेब होता. शेवटी सुमनबाईंनी पुरणपोळ्यांचं ताट भरून गोजरबाईंच्या हातात दिलं आणि ताटामागोमाग छगनराव गेले. हार घालूनच गेले.

आळीत दुपारपर्यंत जे बोललं गेलं त्यातलं सौम्य तेवढं सांगायचं तर रंगनाथराव पोरीसाठी स्टँडवर वरपक्ष धरायला बसतात, असं होतं. तेवढ्यात रंभाजीबाबांचा निरोप आला. बुवा सुखरूप पोचले आहेत. गोरक्षनाथाच्या खोलीवर भाकरी-पिठलं खाऊन पडले आहेत.

रंगनाथरावांनी ठरवलं, कीर्तनाला जायचं नाही. कचेरीचं एक काम काढून बसले. खिडकीतून समोरची खोली दिसत होती. दारात बुवांच्या वहाणा दिसत होत्या. त्या वहाणा आपल्या उंबऱ्यापाशी कशा दिसल्या असत्या, हे ते बघत राहिले. तिसऱ्या प्रहरी टाळ वाजला, पखवाजावर थाप पडली. रंगनाथरावांचा एक पाय आपोआप हलायला लागला. त्यांनी तो हातानं धरला. मग दुसरा हलायला लागला. शेवटी डोक्यावर उपरणं घेऊन ते मंदिरात गेले आणि सगळ्यात मागे, खांबाआड, चपलांच्या ढिगाजवळ बसले.

आणि काय तो गळा होता. बुवा म्हणजे लहानखुरा, काळासावळा माणूस. ज्याला रस्त्यात कुणी दोनदा बघणार नाही असा. पण त्यांनी अनसूयेच्या घरी आलेले तीन अतिथी उभे केले, तिनं काही न विचारता त्यांच्यापुढे पानं कशी मांडली ते गायलं, आणि बायांनी पदर डोळ्यांना लावले. रंगनाथराव रडले. रडता रडता त्यांच्या मनात आलं, हा गळा आज आमच्या घरचं दूध पिऊन यायला हवा होता. पिठल्यानं एवढा लागला, तर केशरी दुधानं काय झालं असतं. मग देवापुढे असं मनात आलं म्हणून ते पुन्हा रडले.

सूर्य मावळताना दत्तजन्म झाला, गुलाल-फुलं उधळली. सुंठवडा वाटत वाटत गोरक्षनाथ खांबाआड आला आणि त्यांच्या शेजारी बसला.

"काका, मी नाही ओळखलं बुवांना," तो हळूच म्हणाला. "मी बाकावर बसलो होतो. तो माकडटोपीवाला माणूस आला आणि मलाच विचारलं, दत्तमंदिर कुठे. गळ्याला वारा लागू नये म्हणून तोंड बांधलं होतं. डोळ्यांशिवाय काही दिसत नव्हतं, ओळखणार काय?"

"पण बाकीच्यांची गावं? तो मिस्त्री? ती वाडी?"

"मी आधी विचारून ठेवतो."

"कुणाला?"

"त्यालाच. नवा माणूस दिसला की चहा पाजतो आणि विचारतो, कुठले तुम्ही. मग चार लोकांत सांगतो. तुमच्यासारखं नुसतं बघून मला कुठलं यायला? पण तुम्ही सांगता तेव्हा सगळे कसे बघत राहतात, ते मला फार आवडायचं काका. जळायचो मी तुमच्यावर."

रंगनाथरावांच्या तोंडात सुंठवडा होता. सुंठ तिखट असते, त्यानं डोळ्यांत पाणी येतं. या पोराची लबाडी साऱ्या आळीला ओरडून सांगावी असं त्यांना वाटायला हवं होतं. वाटलंही, पण तेवढ्यापुरतंच. इतके महिने आपण ज्याच्यावर जळत होतो, तो समोरच्या खिडकीत बसून आपल्यावरच जळत होता.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बुवाच तिकडे आले. कीर्तन संपलं की लहानथोर बघायचं नाही, ज्याच्या त्याच्या पायाला हात लावायचा, अशी त्यांची रीत होती. ते रंगनाथरावांपुढे वाकले. रंगनाथराव घाईनं त्यांच्यापुढे वाकले. दोघांची डोकी आपटली. बुवांनी वर पाहिलं, रंगनाथरावांचा चेहरा दिव्याकडे वळवला, क्षणभर डोळे मिटले आणि त्यांचं तोंड एकदम उजळलं.

"तुम्ही आमच्याकडचे," ते म्हणाले. "खानदेशातले. हे नाक तिकडचंच. केव्हापासून वाटत होतं, एवढ्या परक्या गावात आपलं एखादं तरी माणूस असेल."

रंगनाथराव याच आळीत जन्मले होते. त्यांचे वडील याच आळीत जन्मले होते. मनमाडच्या पलीकडे ते आयुष्यात गेलेले नव्हते. त्यांनी बुवांकडे पाहिलं. तो दमलेला, घामेजलेला, आनंदानं फुललेला चेहरा पाहिला.

"हो बुवा," ते म्हणाले. "बरोबर ओळखलंत."

"पण काका, तुम्ही तर—" गोरक्षनाथानं तोंड उघडलं. रंगनाथरावांनी त्याच्या पायावर पाय दिला आणि तिथेच ठेवला.

बोलून झाल्यावर त्यांना टोपली सावरणारी बांगडीवाली आठवली. पायडलवर पाय ठेवलेला पोस्टमन आठवला. कचेरीत टेबलापुढे उभी राहिलेली सगळी माणसं एकामागून एक आठवली. आजवर त्यांनी ते चेहरे कितीदा वाचले होते, पण 'बरोबर' म्हणताना त्यांच्यावर जे उमटायचं ते त्यांना आज पहिल्यांदा नीट वाचता आलं, कारण तेच आत्ता त्यांच्या स्वतःच्या तोंडावर उमटलेलं होतं.

"मग उद्या सकाळचं दूध तुमच्याकडे," बुवा म्हणाले. "आपल्या माणसाच्या घरी गेल्याशिवाय गाडीत बसणार नाही मी."

रंगनाथरावांनी हात जोडले आणि गोरक्षनाथाकडे पाहिलं. तो हसत होता, पण उगाच सुंठवड्याची वाटी या हातातून त्या हातात घेत होता आणि त्याचा चेहरा जरासा उतरला होता. त्या चेहऱ्याचं गाव रंगनाथरावांना कुणाला विचारावं लागलं नाही. पावसाळ्याच्या अखेरीपासून ते स्वतः तिथेच राहत होते.

"सकाळी तूही ये," ते म्हणाले. "सुमनला सांगतो, दूध दोघांसाठी आटव म्हणून."